शॉकअपचा इतिहास : मातीवरच्या मोटारसायकलीने उसळणे कसे आवरले?

१/
महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात आज ‘मोनोशॉक’ हा शब्द सहज ऐकू येतो. मुळात ते यामाहाने आपल्या मोटोक्रॉसच्या गाडीला दिलेले व्यापारी नाव. त्यामागची कल्पना एका बेल्जियन अभियंत्याची, तिच्यातल्या डॅम्परचे तत्त्व एका फ्रेंच संशोधकाचे आणि तिला विश्वविजेतेपद मिळवून देणारा स्वार स्वीडनचा. हा धागा त्या शब्दाचा माग काढत जातो. मातीवरच्या गाडीचे सस्पेन्शन कसे घडले, त्यातला एकेक स्क्रू कोणत्या अडचणीतून जन्माला आला आणि तो फिरवण्याची मुभा कोणाला होती, हे तीन प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहेत.

२/
आधी एक मूलभूत भेद स्पष्ट व्हायला हवा. सस्पेन्शनमध्ये दोन वेगळी कामे चालतात. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि साठवलेली सगळी ऊर्जा परत करते. डॅम्पर हीच ऊर्जा तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून उष्णतेत बदलतो. डॅम्परविना नुसती स्प्रिंग असेल तर गाडी चेंडूसारखी उसळत राहील. स्प्रिंगविना नुसता डॅम्पर असेल तर एकदा दबलेले चाक पुन्हा मूळ जागी येणारच नाही. गेल्या शतकातले बहुतेक शोध या दोघांचा समतोल साधण्याच्या प्रयत्नातून आले आहेत.

३/
मार्च १९२४ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात कॅम्बर्ली इथे खडबडीत माळरानावर एक शर्यत झाली. ‘स्क्रॅम्बल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाचा आणि पुढे मोटोक्रॉसचा उगम या शर्यतीत मानला जातो. तेव्हाच्या सर्वसाधारण गाडीला पुढे स्प्रिंग असे, पण मागचे चाक थेट फ्रेमला जखडलेले असे. मागे धक्का सोसणाऱ्या गोष्टी तीनच : टायरमधली हवा, सीटखालच्या स्प्रिंगा आणि स्वाराचे गुडघे. पुढच्या बाजूला मोठा बदल झाला तो १९३५ मध्ये. त्या वर्षी बीएमडब्ल्यूने आर-१२ या गाडीवर तेलाने नियंत्रित होणारा टेलिस्कोपिक फोर्क उत्पादनात आणला.

४/
मागच्या चाकाला मोकळे करण्याची कल्पना मात्र बराच काळ उपेक्षित राहिली. स्विंगआर्म तत्त्वतः ठाऊक होता, रस्त्यावरच्या शर्यतींत वापरलाही जात होता. पण चिखल-दगडांच्या ‘ट्रायल’ स्पर्धेतले जाणते स्वार त्याच्या विरोधात होते. चाक हलू लागले की पकड जाते, जमिनीचा अंदाज येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. या समजुतीला मोठा तडा दिला रॉयल एनफिल्डने. १९४८ मध्ये कंपनीने स्विंगआर्म आणि दोन तेलभरले शॉकअप लावलेली प्रायोगिक बुलेट थेट स्पर्धेत उतरवली.

५/
त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमो इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत ब्रिटनचा संघ जिंकला आणि त्या संघात बुलेटही होत्या. पुढे १९५२ आणि १९५७ मध्ये जॉनी ब्रिटन यांनी बुलेटवरच स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. हलणारे चाक जमिनीला अधिक चिकटून राहते, हे अशा रीतीने मैदानावर सिद्ध झाले. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि हीच गाडी भारतीय झाली. आपल्याकडे ‘राजेशाही’ म्हणून मिरवणारी बुलेट एके काळी सस्पेन्शनच्या वादातली बंडखोर गाडी होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

६/
१९५२ मध्ये ५०० सीसी गटाची युरोपीय मोटोक्रॉस स्पर्धामालिका सुरू झाली आणि १९५७ मध्ये तिला विश्व अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. साठच्या दशकात जड चार-स्ट्रोक गाड्यांची जागा हुस्कवार्ना, सीझेड यांच्या हलक्या दोन-स्ट्रोक गाड्यांनी घेतली. इंजिनची ताकद वाढली, गाडीचे वजन घटले, उड्या लांबल्या. चाकाची हालचाल मात्र होती तिथेच राहिली. १९७० च्या सुमारास उत्तम मोटोक्रॉस गाडीचे मागचे चाक जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच, वर-खाली होत असे.

७/
ही चार इंचे किती अपुरी होती, हे साध्या हिशेबाने कळते. गाडी आणि स्वार मिळून दीड मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर पडले असे समजू. पडण्याचा सगळा वेग सस्पेन्शनला आपल्या हालचालीच्या अंतरात जिरवायचा आहे. हे अंतर १०० मिलिमीटर असेल तर सरासरी बल एकूण वजनाच्या १६ पट येते. अंतर ३०० मिलिमीटर असेल तर तेच बल ६ पटींवर उतरते. उडी तीच, स्वार तोच. फरक फक्त थांबण्यासाठी मिळालेल्या जागेचा. मनगटे, गुडघे आणि पाठीचा कणा यांच्या दृष्टीने त्या शर्यतींत नेमके काय पणाला लागले होते, हे या दोन आकड्यांत दिसते.

८/
मग चाकाची हालचाल वाढवायची कशी? शॉकअप लांब करावेत तर ते सीट आणि चाक यांच्यामधल्या जागेत मावत नव्हते. शॉकअपची लांबी तीच ठेवून त्यांना स्विंगआर्मवर पुढे सरकवावे तर थोड्या हालचालीत जास्त काम करावे लागे. त्यासाठी स्प्रिंग अधिक कडक हवी आणि डॅम्परमधले तेल अधिक तापणार. तापलेले तेल पातळ होते, त्यात फेस येतो आणि शर्यतीच्या उत्तरार्धात डॅम्पर जवळजवळ निकामी होतो. स्वाराच्या अंगातले त्राण संपत आलेले असते, त्याच वेळी गाडीही साथ सोडते.

९/
या कोंडीवर बेल्जियममधल्या लिएजच्या ल्युसिएन टिल्केन्स यांनी तोडगा काढला. ते अभियांत्रिकीचे जाणकार होते. मोटारसायकल उद्योगाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. मागच्या बाजूचे दोन आखूड शॉकअप त्यांनी काढून टाकले. त्यांच्या जागी एकच लांब शॉकअप सीट आणि पेट्रोलच्या टाकीखाली जवळजवळ आडवा बसवला आणि त्याला ढकलण्यासाठी त्रिकोणी बांधणीचा मजबूत स्विंगआर्म रचला. आता शॉकअपच्या लांबीला सीटच्या उंचीची मर्यादा उरली नाही आणि मोठ्या नळीत तेलही भरपूर मावू लागले.

१०/
ही रचना आधी सुझुकीपर्यंत पोहोचली होती. त्या काळी ५०० सीसी गटात सुझुकीचा रॉजर डी कॉस्टर याचे वर्चस्व होते. जिंकणाऱ्या संघाला आपली गाडी मुळापासून बदलण्याची निकड वाटत नसते. सुझुकीने ती नाकारली. मोटोक्रॉसमध्ये विजेतेपदाची वाट पाहणाऱ्या यामाहाने मात्र ती स्वीकारली. १९७३ च्या हंगामात स्वीडनच्या हाकन आंदेरसोनने या नव्या सस्पेन्शनच्या यामाहावर २५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद पटकावले. यामाहाचे मोटोक्रॉसमधले ते पहिले विश्वविजेतेपद होते. दोन-तीन वर्षांत ‘मोनोशॉक’ सर्वसाधारण ग्राहकाच्या गाडीवरही आला.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबायला हवे. त्रिकोणी स्विंगआर्म आणि सीटखालची स्प्रिंग ही मांडणी इंग्लंडच्या फिलिप व्हिन्सेंटने १९२८ मध्येच वापरली होती. तेलावर वायूचा दाब ठेवून फेस रोखणारा एकनळी डॅम्पर फ्रान्सच्या क्रिस्तियान बूर्सिए द कार्बों यांनी पन्नाशीच्या दशकात मोटारींसाठी विकसित केला होता. टिल्केन्स यांचे कर्तृत्व या दोन जुन्या धाग्यांना एका नव्या गरजेशी जोडण्यात होते. ‘पहिला कोण’ या प्रश्नापेक्षा ‘तेव्हाच का’ हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासात अधिक फलदायी ठरतो. १९२८ मध्ये उडी लहान होती, म्हणून कल्पना तशीच पडून राहिली.

१२/
यामाहाच्या यशाला प्रतिस्पर्ध्यांनी वेगळ्या वाटेने उत्तर दिले. जर्मनीच्या माइको कंपनीने १९७४ मध्ये दोन शॉकअप कायम ठेवले, पण त्यांचे जोड स्विंगआर्मवर पुढे सरकवले. एवढ्या साध्या बदलाने चाकाची हालचाल लक्षणीय वाढली. ही युक्ती कोणालाही आपल्या अंगणात, वेल्डिंगच्या साहाय्याने करता येण्याजोगी होती. त्या वर्षांत असंख्य हौशी स्वारांनी आपापल्या फ्रेमा कापून शॉकअप पुढे झुकवून बसवले. काहींच्या गाड्या सुधारल्या. काहींच्या फ्रेमा त्या जोडापाशी मोडल्या, कारण मूळ रचनेत त्या जागेवर एवढा भार अपेक्षितच नव्हता.

१३/
पुढची काही वर्षे अक्षरशः इंचांची चढाओढ चालली. १९७० च्या सुमाराची चार इंचे १९८१ पर्यंत बारा इंचांवर, म्हणजे ३०० मिलिमीटरवर पोहोचली. पण प्रत्येक इंचाबरोबर नवे दुखणे आले. सीट एवढी उंच झाली की बेताच्या उंचीच्या स्वाराचे पाय जमिनीला टेकेनात. चाक वर-खाली होताना साखळीचा ताण फार बदलू लागला. ब्रेक लावला की पुढचा भाग खोल बुडे, मागचा उचलला जाई आणि हँडल थरथरू लागे. लांब स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा उडीनंतर एकदम सुटली की मागचे चाक स्वाराला पुढे भिरकावी. हालचाल मिळाली होती. नियंत्रण मिळायचे होते.

१४/
इथून लक्ष स्प्रिंगकडून डॅम्परकडे वळले. या वळणावरचे एक महत्त्वाचे नाव म्हणजे स्वीडनचे केंट ओहलिन. स्वतः मोटोक्रॉस खेळणाऱ्या ओहलिन यांनी १९७६ मध्ये आपली कंपनी स्थापन केली. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, सोव्हिएत स्वार गेन्नादी मोइसेयेव याने ओहलिन्सचे शॉकअप लावलेल्या केटीएमवर २५० सीसीचे विश्वविजेतेपद जिंकले. गाडी ऑस्ट्रियाची, शॉकअप स्वीडनचे, स्वार सोव्हिएत संघाचा! शीतयुद्धाच्या ऐन काळातली ही तिहेरी जोडणी एका स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

१५/
डॅम्परमधली खरी गुंतागुंत अशी की साध्या छिद्रातून तेल ढकलताना होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. छिद्र मोठे ठेवले तर संथ हालचालीत गाडी डुलते. छिद्र लहान ठेवले तर तीक्ष्ण धक्क्याला तेल जाऊच शकत नाही; शॉकअप क्षणभर लोखंडी कांब बनतो आणि सगळा हिसका हातात येतो. यावर उत्तर म्हणजे छिद्रांवर रचलेली पातळ पोलादी चकत्यांची थप्पी. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि तेलाला वाट करून देतात. चकत्यांची जाडी, व्यास आणि संख्या बदलून डॅम्परचा स्वभाव घडवता येतो. मागच्या शॉकअपमधली ही रचना ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ‘कार्ट्रिज’ रूपाने पुढच्या फोर्कमध्येही आली.

१६/
१९८०-८१ च्या सुमारास आणखी एक टप्पा आला : लिंकेज. कावासाकीचा ‘युनी-ट्रॅक’, होंडाचा ‘प्रो-लिंक’ आणि सुझुकीचा ‘फुल फ्लोटर’ या तिन्ही रचनांत स्विंगआर्म आणि एकुलता शॉकअप यांच्यामध्ये तरफांची जोडणी होती. तिच्यामुळे चाक सुरुवातीला सहज हलते. जसजसे वर जाते तसतसा शॉकअप अधिक वेगाने दबतो आणि विरोध चढत जातो. लहान दगडांवर मऊ आणि मोठ्या उडीवर कडक, अशी परस्परविरोधी मागणी एकाच यंत्रणेने पूर्ण केली. आजही बहुतेक मोटोक्रॉस गाड्या याच तत्त्वावर चालतात.

१७/
‘फुल फ्लोटर’च्या यशामागे एक दीर्घ न्यायालयीन लढाही दडलेला आहे. डोनाल्ड रिचर्डसन या तरुण अमेरिकन संशोधकाने अशा सस्पेन्शनचे पेटंट सत्तरच्या दशकात मिळवले होते. १९७८ मध्ये त्याने सुझुकीशी करार केला आणि आपले तंत्र कंपनीच्या अभियंत्यांना दाखवले. पुढे कंपनीने परवाना घेतला नाही. मात्र ‘फुल फ्लोटर’ बाजारात आला. रिचर्डसन न्यायालयात गेला. १९८९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाचा निकाल मुख्य मुद्द्यांवर त्याच्या बाजूने लागला. गाडीवर नाव कंपनीचे असते. डोके कोणाचे, याचा पुरावा कधी कधी फक्त खटल्याच्या कागदपत्रांतच मिळतो.

१८/
त्या काळातली दुसरी विषमता कारखान्याचा संघ आणि स्वखर्चाने खेळणारा स्वार यांच्यातली होती. संघाच्या स्वाराला हाताने घडवलेली, विक्रीला न येणारी ‘वर्क्स’ गाडी मिळे; तिच्यासोबत शॉकअप उघडून चकत्या बदलणारा तंत्रज्ञही असे. बाकीच्यांच्या वाट्याला दुकानातली गाडी येई. तिच्या शॉकअपवर बहुधा स्प्रिंगचा ताण बदलण्यापलीकडे काही सोय नसे. फोर्कच्या टोपणाखाली नळीचा तुकडा किंवा वॉशर ठेवून स्प्रिंग दाबायची, तेल जाड-पातळ बदलून पाहायचे, एवढीच त्याची साधने.

१९/
१९८६ पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेत उत्पादन-नियम लागू झाला. बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीवर आधारलेलीच गाडी शर्यतीत उतरवायची, असा त्याचा आशय. परिणामी कंपन्यांना आपली उत्तम रचना दुकानातल्या गाडीतच घालावी लागली. ऐंशीच्या दशकाअखेरीपर्यंत पुढचा फोर्क उलटा झाला, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली. पुढे-मागे कॉम्प्रेशन आणि रिबाउंड यांचे स्क्रूही सर्वसामान्य ग्राहकाला मिळाले. जे काम पूर्वी संघाचा तंत्रज्ञ बंद दाराआड करी, ते आता कोणीही एका चपट्या स्क्रूड्रायव्हरने करू शकत होता. अधिकार मिळाला, त्याबरोबर बिघडवण्याची मुभाही मिळाली.

२०/
आता या स्क्रूंकडे इतिहासाच्या नजरेने पाहिले की प्रत्येकाचे प्रयोजन उलगडते. पहिला मान ‘सॅग’चा, म्हणजे गाडी स्वतःच्या आणि स्वाराच्या वजनाने किती बसते याचा. लांब हालचालीमुळे गाडी उंच झाली, तेव्हापासून ही मोजणी अनिवार्य ठरली. मागचे चाक अधांतरी ठेवून आसापासून चिखलपट्टीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यायचे. मग स्वार पूर्ण पेहरावात बसल्यावर तेच अंतर पुन्हा मोजायचे. ३०० मिलिमीटर हालचालीच्या गाडीत हा फरक साधारण १०० ते १०५ मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांश, असावा. खड्ड्यात चाकाला खाली जाण्यासाठी ही एक तृतीयांश जागा राखीव असते. कमी-जास्त असल्यास स्प्रिंगवरची गोल चकती फिरवून प्रीलोड बदलायचा.

२१/
इथे अनेक जण फसतात. स्वारासह सॅग बरोबर आला की काम संपले असे वाटते. पण स्वाराशिवाय, नुसत्या गाडीच्या वजनाने किती बसते, हेही पाहावे लागते. ते साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावे. ते फारच कमी भरले तर स्प्रिंग कडक आहे असा समज होतो. वास्तव नेमके उलटे असते : स्प्रिंग स्वाराच्या वजनाला मऊ पडते, म्हणून तिला खूप दाबून ठेवावे लागले आहे. ते फार जास्त भरले तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. प्रीलोडने गाडीची उंची बदलते. स्प्रिंगचा जातिवंत कडकपणा बदलत नाही. त्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते.

२२/
दुसरा स्क्रू रिबाउंडचा. दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत यावी हे तो ठरवतो. सत्तरच्या दशकातल्या स्वारांना मागून भिरकावणाऱ्या दोषाचे हे उत्तर. रिबाउंड फार जलद असेल तर उडीनंतर किंवा ब्रेक लावताना मागचा भाग लाथ मारतो. फार संथ असेल तर दोष फसवा असतो. ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर चाकाला पूर्ण खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो. सस्पेन्शन पायरी-पायरीने खाली दबत जाते आणि शेवटच्या उंचवट्यांवर गाडी दगडासारखी कडक वाटते. स्वार त्याला कॉम्प्रेशनचा दोष समजून ते मऊ करतो आणि गाडी आणखीच बिघडते. पहिला उंचवटा सुसह्य आणि चौथा असह्य वाटला, तर संशय रिबाउंडवर घ्यावा.

२३/
तिसरा स्क्रू कॉम्प्रेशनचा. त्याच्या दोन बाजू आहेत. ‘लो-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ हे शब्द गाडीच्या वेगाविषयी नाहीत. ते शॉकअपचा दांडा किती वेगाने आत शिरतो याविषयी आहेत. ब्रेक लावताना पुढचा भाग बुडणे ही संथ हालचाल. दगडावर चाक आदळणे ही जलद. लहान खाचखळग्यांवर हात बधिर होत असतील तर कॉम्प्रेशन थोडे सोडावे. प्रत्येक उडीला तळ लागत असेल तर ते आवळावे किंवा फोर्कमधली तेलाची पातळी किंचित वाढवावी. तेल वाढले की वरची हवा कोंडते आणि शेवटच्या टप्प्यात तीच स्प्रिंगचे काम करते. संपूर्ण शर्यतीत एकदाही तळ लागला नाही, तर हालचालीचा काही भाग वाया जात आहे, असेही समजावे.

२४/
पुढचे आणि मागचे टोक वेगळे पाहून चालत नाही. सरळ रस्त्यावर वेगात हँडल थरथरत असेल तर बहुधा पुढचा भाग खाली आणि मागचा वर आहे. मागचा सॅग काही मिलिमीटर वाढवून पाहावा. वळणावर पुढचे चाक बाहेर सरकत असेल तर उलट स्थिती संभवते. मागचा भाग फार बसलेला असतो किंवा पुढचा फार कडक. क्लॅम्पमध्ये फोर्कच्या नळ्या पाच मिलिमीटर वर सरकवल्या तरी गाडी वळायला चपळ होते आणि सरळ धावताना तेवढीच अस्थिरही. १९८० च्या सुमाराचे अभियंते ज्या द्वंद्वाशी झुंजत होते, तेच आजही प्रत्येक गाडीत शिल्लक आहे.

२५/
याहून महत्त्वाचे म्हणजे स्क्रूला हात लावण्यापूर्वीची तपासणी. टायरमधली हवा, साखळीचा ताण, हँडलच्या मानेतले बेअरिंग, लिंकेजमधली सुकलेली किंवा गंजलेली बेअरिंगे, गळणारे ऑईल सील, वर्षानुवर्षे न बदललेले फोर्क ऑईल. पुढच्या चाकाचा आस आवळताना फोर्कच्या दोन नळ्या समांतर राहिल्या नाहीत, तर त्या घासू लागतात आणि फोर्क अकारण कडक भासतो. गंजलेल्या बेअरिंगवर रिबाउंडचा स्क्रू हा उपाय नव्हे. त्यानंतर कारखान्याने दिलेल्या मूळ जुळणीपासून सुरुवात करावी. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन बाहेर येताना ‘क्लिक’ मोजावेत. एका वेळी एकच बदल, तोही दोन क्लिकचा, त्याच वाटेवर पुन्हा फेरी आणि वहीत नोंद.

२६/
प्रगती सरळ रेषेत जात नाही, याचे ताजे उदाहरण हवेच्या फोर्कचे. २०१३ च्या सुमारास काही जपानी मोटोक्रॉस गाड्यांनी फोर्कमधली पोलादी स्प्रिंग काढून तिच्या जागी दाबाखालची हवा आणली. वजन घटले, पंपाने कडकपणा बदलता येऊ लागला. पण फोर्क तापला की हवेचा दाब बदले आणि सकाळची जुळणी दुपारी लागू पडेनाशी होई. काही वर्षांत अनेक कंपन्या मुकाट्याने पोलादी स्प्रिंगकडे परतल्या; केटीएमच्या मोटोक्रॉस गाड्यांनी मात्र हवा टिकवली. शंभर वर्षांपूर्वीची साधी गुंडाळी आजही अनेक आधुनिक शोधांना पुरून उरते.

२७/
या इतिहासाचे धागे आपल्याकडेही पोहोचतात. २००७ मध्ये बजाज ऑटोने केटीएममध्ये भागभांडवल घेतले आणि २०१२ पासून पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातली ड्यूक भारतीय रस्त्यांवर आली. तिच्या शॉकअपवरचे ‘डब्ल्यूपी’ हे नाव विम पीटर्स यांनी १९७७ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू केलेल्या कंपनीचे. २०१६ च्या ‘हिमालयन’मध्ये रॉयल एनफिल्डने प्रथमच मागे मोनोशॉक दिला, १९४८ ला दोन शॉकअपसाठी भांडलेल्या कंपनीला एका शॉकअपवर यायला ६८ वर्षे लागली. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा त्या मातीच्या उड्यांवर टिल्केन्स, ओहलिन आणि रिचर्डसन या सर्वांचा वारसा एकत्र धावत होता.

२८/
मोटोक्रॉसशी संबंध नसलेल्या वाचकालाही यातून काही घेता येईल. घरातल्या साध्या गाडीच्या मागच्या शॉकअपवर बहुधा पाच खाचांची कडी असते. मागे कोणाला बसवून, सामान बांधून घाटात निघताना ती एक-दोन खाचा वर घ्यायची आणि एकटे फिरताना पुन्हा खाली आणायची. कित्येक गाड्यांत ती कडी शोरूममधून आली तशीच आयुष्यभर राहते. ही सोय आता प्रत्येकाच्या पार्किंगमध्ये उभी आहे. ती वापरायला लागते एक पाना, एक मोजपट्टी आणि नोंदी ठेवायची थोडी शिस्त.